गिटारची केबल आणि कल्हईचा धडा

घरातील वाद्य वाजता वाजता मुके झाले, म्हणजे आपण प्रथम वाजवणाऱ्याला दोष देतो, नंतर वाद्याला आणि त्यानंतर विजेला. ज्या केबलमधून तो सूर वाद्यापासून ध्वनिवर्धकापर्यंत जातो, तिच्याकडे आपले लक्ष सर्वांत शेवटी जाते. ज्यांच्या घरी इलेक्ट्रिक गिटार आहे, त्या वाचकांना याचा अनुभव आला असेल. अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. गोवा, कोलकाता, शिलाँग ही तर गिटारची जुनी ठिकाणे. परंतु इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील मराठी कुटुंबांतही आज तंबोऱ्याच्या शेजारी गिटार टेकवून ठेवलेली दिसते. यास्तव या वेळी आपण गिटारच्या केबलचा विचार करू. ती घरी दुरुस्त करता येते, नवी घरी बनवता येते आणि ही दोन्ही कामे रविवारच्या एका दुपारी होण्याजोगी आहेत. मात्र ती कशी करू नयेत, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

आम्ही जबलपूरला राहतो. माझी भाची अकरावीत असताना तिच्या गिटारची केबल करकरू लागली. घरातील विजेची किरकोळ कामे मीच करीत असल्यामुळे ती केबल माझ्याकडे आली. मी प्लग उघडला, सुटलेली तार जागेवर धरली, वर सोल्डरचा एक थेंब टाकला आणि प्लग बंद केला. आवाज आला. मला धन्यता वाटली आणि पाच मिनिटांत काम झाल्याचा अभिमानही वाटला.

दोन महिन्यांनी गणेशोत्सवात तिचे वादन होते. गिटारवर एक अभंग वाजवायचा तिने महिनाभर सराव केला होता. दुसऱ्या अंतऱ्यास आवाज एकदम गेला, खरखरत परत आला आणि मग साऱ्या सभागृहात घुंऽऽ असा गुणगुणाट भरून राहिला. पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. तिने एका हाताने प्लग दाबून धरून पाहिला; परंतु एका हाताने गिटार वाजत नाही. ती व्यासपीठावरून खाली उतरली. घरी येताना मी तिला म्हणालो, “वाद्य हाती घेतले, म्हणजे त्याची निगा राखायलाही शिकले पाहिजे.” ती काही बोलली नाही. दिवाळी आली आणि गेली, तरी गिटार खोळीतून बाहेर निघाली नाही.

पुढे एके दिवशी ती केबल टाकून देण्यापूर्वी मी सहज प्लग उघडला. दोष समोरच होता. मी टाकलेला सोल्डरचा थेंब अळवाच्या पानावरील पाण्याच्या थेंबासारखा पत्रीवर नुसता बसला होता. तो पत्रीला धरलाच नव्हता. बोटाने स्पर्श करताच तार निराळी झाली. जिला मी निगा राखायला शिकवीत होतो, तिने केबल नीट सांभाळली होती. वाईट काम माझे होते.

तेव्हापासून मी हे काम पुन्हा पहिल्यापासून शिकलो. जे शिकलो, ते पुढे क्रमाने देत आहे.

केबलच्या पोटात काय असते?

लोहचुंबकाजवळ हालचाल झाली असता तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावला. इलेक्ट्रिक गिटार याच तत्त्वावर चालते. तिच्या पोलादी तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक असून त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार छेडली की या वेढ्यांत तिच्या कंपनाबरहुकूम वीज उत्पन्न होते. परंतु ती फारच अल्प असते. तिचा दाब बहुधा एका व्होल्टचा काही अंश इतकाच भरतो. एवढी क्षीण वीज तीन-चार मीटर दूर असलेल्या ध्वनिवर्धकापर्यंत सुखरूप पोहोचवायची, हे केबलचे काम.

वाटेत तिला उपद्रव पुष्कळ. घरातील प्रत्येक विजेची तार, पंखा, ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर आपापला गुणगुणाट भोवती पसरवीत असतो. यासाठी गिटारच्या केबलची रचना साध्या वायरपेक्षा निराळी असते. मधोमध तांब्याच्या बारीक तारांचा एक गाभा असतो. त्यावर विद्युत्‌रोधक आवरण, आवरणाभोवती तांब्याच्या तारांची विणलेली किंवा गुंडाळलेली जाळी आणि सर्वांच्या वर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे जाड कवच. सूर जातो गाभ्यातून. जाळी ही त्याची परतीची वाटही असते आणि चिलखतही. बाहेरचा गुणगुणाट जाळीवर अडतो आणि आत शिरत नाही. पुष्कळ चांगल्या केबलींत रोधक आवरणावर काळ्या, किंचित वीजवाहक प्लॅस्टिकचा आणखी एक पातळ थर असतो. केबल जमिनीवर घासली किंवा पायाखाली आली असता होणारी खडखड त्यामुळे कमी होते. या काळ्या थराची आठवण ठेवावी. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

दोन्ही टोकांना असलेला प्लग पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीचा असतो. एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या केंद्रांत एका ग्राहकाची तार दुसऱ्याशी हाताने जोडीत असत. त्या कामासाठी हा प्लग जन्माला आला आणि पुढे वाद्यांच्या जगात कायमचा राहिला. त्याच्या निमुळत्या शेंड्याला टिप आणि मागच्या दांड्याला स्लीव्ह म्हणतात. दोहोंच्या मध्ये रोधक कडे असते. गाभा टिपला आणि जाळी स्लीव्हला जोडायची, एवढेच या केबलचे शास्त्र. चूक होते ती जोडण्याच्या रीतीत.

लांबी किती असावी?

नवी केबल बनवताना पहिला प्रश्न लांबीचा. ‘असू द्या थोडी जास्त’ हा आपला नेहमीचा विचार येथे उपयोगाचा नाही. गाभा आणि जाळी यांच्यामध्ये रोधक असल्यामुळे संपूर्ण केबल विजेचा अल्पसा साठा करू शकते. या गुणास धारिता म्हणतात आणि ती पिकोफॅरड या मापात मोजतात. सर्वसाधारण केबलीत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारिता असते. पिकअपचे वेटोळे आणि ही धारिता मिळून ठरावीक उंचीपर्यंतचे स्वर उचलून धरतात. त्यापेक्षा वरचे झपाट्याने मंद होतात.

एक हिशेब पाहा. पिकअपचे प्रवर्तन २.५ हेन्री आणि त्याची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर ३ मीटर केबल जोडली असता ही मर्यादा ५,००० हर्ट्झच्या आसपास पडते. केबल १० मीटर घेतली, तर ती ३,००० हर्ट्झपर्यंत खाली येते. म्हणजे तेच वाद्य, तोच हात, परंतु आवाजाची धार बोथट होते. हा दोष काहींना गोडही वाटतो. तो आवडीचा प्रश्न आहे. घरी सरावासाठी ३ मीटर आणि व्यासपीठासाठी ६ मीटर हे प्रमाण बहुतेकांना पुरेसे होते. बसण्याच्या जागेपासून ध्वनिवर्धकापर्यंत जमिनीवरून दोरी टाकून माप घ्यावे आणि त्यात एक मीटर मिळवावे.

बाजारात सोन्याचा मुलामा दिलेले प्लग आणि अनेक मोठे दावे करणाऱ्या केबली मिळतात. मुलाम्यामुळे प्लग लवकर काळवंडत नाही, हे खरे. परंतु आवाजाच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहाव्यात: धारिता कमी असावी, जाळी दाट असावी आणि प्लगची पकड भक्कम असावी.

दोष कोठे आहे?

जुनी केबल बिघडली, तर लगेच कात्री घेऊ नये. प्रथम दुसरी, चांगली असलेली केबल लावून पाहावी. तरीही खरखर राहिली, तर दोष गिटारच्या सॉकेटचा किंवा ध्वनिवर्धकाचा असू शकतो. पुष्कळदा गिटारच्या सॉकेटचे नट ढिले झालेले असते आणि ते हलक्या हाताने आवळले की काम भागते.

दोष केबलचाच ठरला, तर लक्षणांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. सर्वत्र शांतता, गुणगुणाटही नाही, असे असेल, तर बहुधा गाभा व जाळी एकमेकींस चिकटली आहेत. मोठा गुणगुणाट आणि त्याच्या आड दबलेला सूर असेल, तर बहुधा जाळी सुटली आहे. हलवले की आवाज येतो आणि जातो, तेव्हा तार अर्धवट तुटलेली असते. आणि ती जवळजवळ नेहमी प्लगपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत तुटते, कारण वाकणे आणि ताण दोन्ही तेथेच पडतात. सहा मीटर केबलीतील पाच मीटर नव्वद सेंटिमीटर निरोगी असताना आपण ती सगळीच फेकून देतो, हे ध्यानी आले म्हणजे दुरुस्तीचे मोल कळते.

अंदाजाची खात्री मल्टिमीटरने करावी. केबल दोन्ही बाजूंनी मोकळी करून तीन तपासण्या कराव्यात. पहिली, एका टिपपासून दुसऱ्या टिपपर्यंत वीज गेली पाहिजे. दुसरी, एका स्लीव्हपासून दुसऱ्या स्लीव्हपर्यंत गेली पाहिजे. तिसरी, टिपपासून स्लीव्हकडे मुळीच जाता कामा नये. मल्टिमीटर नसेल, तर दीड व्होल्टचा एक सेल, जुन्या टॉर्चमधील लहान बल्ब आणि दोन तारा एवढ्यावरही हे काम होते; पहिल्या दोन तपासण्यांत बल्ब लागावा, तिसऱ्यात लागू नये. तपासताना एकेका प्लगजवळ केबल सावकाश सर्व बाजूंनी वाकवावी. ज्या टोकाशी बल्ब लुकलुकेल, ते टोक दोषी.

ज्यांच्या मल्टिमीटरवर पिकोफॅरड मोजण्याची सोय आहे, त्यांना आणखी एक युक्ती करता येईल. गाभा पूर्ण तुटला असेल, तर प्रत्येक प्लगवर टिप आणि स्लीव्ह यांमधील धारिता मोजावी. एका बाजूने २० आणि दुसऱ्या बाजूने ५८० असे आकडे आले, तर तुटलेली जागा पहिल्या प्लगच्या अगदी जवळ आहे, हे प्लग न उघडताच समजते.

साहित्य

२५ ते ४० वॅटची सोल्डरिंगची कानस, म्हणजेच सोल्डरिंग आयर्न, आणि ती ठेवण्याची घोडी, आत राळ भरलेली बारीक सोल्डरची तार, तारा सोलण्याचा चिमटा किंवा धारदार चाकू, लहान पक्कड, आणि नवा प्लग. प्लग धातूचा व आट्यांनी उघडणारा घ्यावा. जे प्लग प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेले असतात, ते उघडत नाहीत. तो भाग कापून टाकून तेथे आट्यांचा प्लग बसवावा. केबल घेताना ‘एक गाभा व जाळी असलेली वाद्याची केबल’ असे स्पष्ट सांगावे. पंख्याची किंवा स्पीकरची वायर जाळीशिवाय असते. ती येथे चालणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, दिल्लीत लजपतराय मार्केट, कोलकात्यात चांदनी, बंगळूरला एस. पी. रोड आणि चेन्नईला रिची स्ट्रीट येथे हे सर्व सुटे मिळते. लहान गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे चौकशी करावी.

कल्हईवाला काय करतो?

आता मुख्य काम, आणि येथेच माझी चूक झाली होती.

पितळेच्या भांड्याला कल्हई होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काम निम्मे येते असे समजावे. कल्हईवाला आधी भांडे स्वच्छ घासतो. मग भाता चालवून भांडे तापवतो, कथील नव्हे. भांडे पुरेसे तापले, की त्यात नवसागर टाकतो, कथलाची कांडी टेकवतो, आणि कथील भांड्याच्या उष्णतेने वितळून आपोआप पसरते. थंड भांड्यावर वितळलेले कथील ओतले, तर त्याच्या गोळ्या होऊन त्या घरंगळतील.

सोल्डरिंगचे तत्त्व अक्षरशः हेच. जुन्या प्रकारच्या सोल्डरमध्ये ६० भाग कथील व ४० भाग शिसे असते, आणि ते १८३ अंश सेल्सियसला वितळू लागते. शिसेविरहित सोल्डरला सुमारे २२० अंश लागतात. नवसागराचे काम येथे तारेच्या पोटातील राळ करते. ती धातूवरचा गंज दूर सारते. नवसागर किंवा आम्ल मात्र विजेच्या कामात कधीही वापरू नये. ते मागे राहून तांबे खाऊन टाकते.

मी कानशीवर सोल्डर वितळवून थंड पत्रीवर थेंब टाकला होता. कानस पत्रीला आणि तारेला टेकवायला हवी होती, दोन्ही तापायला हव्या होत्या आणि सोल्डरची तार कानशीला नव्हे, तर त्या तापलेल्या सांध्याला लावायला हवी होती. सोल्डर आपणहून पसरले, तरच तो सांधा खरा.

क्रम

१. दोषी टोक प्लगपासून पाच सेंटिमीटर अंतरावर कापून टाकावे. काटकसर म्हणून दोनच सेंटिमीटर कापू नये. तुटण्याच्या बेतात असलेल्या तारा आतच राहतील.

२. प्लगचे आट्यांचे टोपण आणि आतली रोधक नळी केबलवर आधी ओवून घ्यावी. सांधा उत्तम जमला आणि टोपण टेबलावरच राहिले, हा प्रसंग या कामात प्रत्येकावर एकदा तरी येतो.

३. बाहेरचे कवच सुमारे १५ मिलिमीटर सोलावे. चाकू हलका फिरवावा. जाळीच्या तारा कापल्या जाता कामा नयेत. जाळी उकलून एका बाजूस घ्यावी आणि तिचा पीळ घालावा. एकही सुटी तार टिपकडे डोकावू देऊ नये.

४. आता तो काळा थर. तो रोधक दिसतो, परंतु वीज थोडी वाहू देतो. तो टिपच्या पत्रीला टेकला, तर आवाज क्षीण होतो आणि कारण काही केल्या सापडत नाही. आतले आवरण जेथपर्यंत दिसते, तेथपर्यंत हा थर नखाने किंवा चाकूने सोलून काढावा.

५. गाभ्याची चार-पाच मिलिमीटर तार मोकळी करावी. गाभा, जाळीचा पीळ आणि प्लगच्या दोन्ही पत्र्या, अशा चारही ठिकाणी आधी स्वतंत्रपणे सोल्डरचा पातळ थर चढवावा. हीच येथील कल्हई.

६. प्रथम जाळी मोठ्या पत्रीला जोडावी. ही पत्री जाड असल्यामुळे उष्णता ओढून घेते. तिला दोन-चार सेकंद अधिक लागतात. मग गाभा मधल्या लहान पत्रीला जोडावा आणि येथे मात्र लवकर हात काढावा, नाहीतर आवरण वितळून गाभा व जाळी एकत्र येतील. सोल्डर थिजेपर्यंत तार हलू देऊ नये. हललेला सांधा आतून भेगाळतो.

७. मोठ्या पत्रीच्या शेवटी असलेले दोन कान पकडीने वाकवून बाहेरच्या कवचावर घट्ट बसवावेत, उघड्या जाळीवर नव्हे. ओढ कवचाने सोसावी, सांध्यावर ती येऊ नये, यासाठी ही पकड आहे. काही प्लगांत कानांऐवजी प्लॅस्टिकची पकड असते; तिचे कामही हेच.

सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मध्ये काही खाऊ नये. राळेचा धूर डोळ्यांना व श्वासाला त्रास देतो. खिडकी उघडी ठेवावी. मुले जवळ बसून पाहत असतील, तर कानशीचे टोक ३०० अंशांहून अधिक तापलेले असते, हे त्यांना आधी सांगावे.

हाती देण्यापूर्वी

आवाज आला म्हणजे दुरुस्ती झाली, असे मी त्या वेळी मानले. ते खरे नव्हे. टोपण लावण्यापूर्वी सांधा डोळ्यांनी पाहावा. सोल्डर पत्रीला सर्व बाजूंनी उतरते होऊन मिळालेले असावे. गोळीसारखे फुगलेले असेल, तर तो अळवाच्या पानावरचा थेंब आहे. मग प्रत्येक तार चिमट्याने हलकेच ओढून पाहावी. टोपण लावावे, मल्टिमीटर जोडावा आणि प्लगजवळ केबल वीस वेळा वेगवेगळ्या दिशांनी वाकवावी. आकडा हलला, तर प्लग पुन्हा उघडावा. या परीक्षेला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे मी वाचवली आणि त्यांची किंमत एका मुलीने दोनशे लोकांपुढे दिली.

केबल टिकवण्याचे नियम थोडे आहेत. काढताना प्लग धरून काढावा, केबल ओढून नव्हे. सुती दोरी गुंडाळावी तशी तळहात आणि कोपर यांभोवती केबल गुंडाळू नये. प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो आणि गाभा आतून तुटतो. तिच्या नैसर्गिक वळणाने मोठी सैल वेटोळी करावीत. वाजवताना केबल गिटारच्या पट्ट्यामागून घेऊन मग सॉकेटमध्ये लावावी. कोणाचा पाय पडला, तर झटका पट्ट्याला बसतो, प्लगला नाही.

दोन गोष्टी कदापि करू नयेत

पहिली: ध्वनिवर्धक व स्पीकरची पेटी वेगळी असेल, तर त्या दोहोंमध्ये गिटारची केबल लावू नये. प्लग तेथे बसतो, म्हणूनच हा मोह होतो. गिटारच्या केबलीतून जाणारी वीज नगण्य असते. परंतु ५० वॅटचा ध्वनिवर्धक ८ ओहमच्या स्पीकरला अडीच अँपियर वीज देतो. बारीक गाभा तापतो आणि व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचे मोठे नुकसान होऊ शकते. तेथे स्पीकरची जाड वायरच हवी.

दुसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींच्या पोलादी तारा आतून प्लगच्या स्लीव्हला, तेथून ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला आणि शेवटी भिंतीतील अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या वाटेवर असतात. गुणगुणाट थांबावा म्हणून कोणी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकतात, किंवा दोन पिनांचे सॉकेट वापरतात. तसे मुळीच करू नये. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात विजेच्या धक्क्याने मरण पावला. ज्या मायक्रोफोनला त्याने हात लावला, त्याचे अर्थिंग धड नव्हते. गुणगुणाटाचे कारण केबलमध्ये शोधावे, अर्थिंग तोडून तो लपवू नये. ध्वनिवर्धक मात्र स्वतः उघडू नये. विशेषतः व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात वीज बंद केल्यावरही प्राणघातक दाब साठून राहिलेला असतो. ते काम जाणकाराचे.

राहिली माझ्या भाचीची गोष्ट. दोष सापडला त्याच संध्याकाळी तो उघडा प्लग घेऊन मी बहिणीच्या घरी गेलो आणि तिला थेंब दाखवला. म्हणालो, “चूक तुझी नव्हती. हे काम माझे आहे आणि वाईट आहे.” तिने प्लग हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “मामा, हे तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं?” मी म्हणालो, “मी पाहिलेच नव्हते.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आता जोडाल तेव्हा मला शेजारी बसू द्या.”

आम्ही ती केबल टाकली नाही. दोन्ही टोके कापली, नवे प्लग आणले आणि एक टोक मी, एक टोक तिने जोडले. तिचे टोक पहिल्या खेपेस परीक्षेत उतरले. माझे मला पुन्हा उघडावे लागले. आता प्रत्येक केबलवर ती कागदी पट्टी चिकटवून दुरुस्तीची तारीख आणि जोडणाऱ्याचे नाव लिहिते. एक पट्टी माझ्या नावाची आहे. पुढच्या गणेशोत्सवात तिने तीच केबल लावली, आणि मी पुढच्या रांगेत बसून अभंगापेक्षा त्या प्लगकडेच अधिक पाहत होतो.

आपल्याही घरी एखादी मुकी केबल कपाटात पडलेली असेल. या रविवारी तिचा प्लग उघडून आत नुसते पाहावे. दोष बहुधा तेथेच, दोन बोटांच्या अंतरावर दिसेल.